काशीबाई लाउंजात जाते

गिऱ्हाईक टोपलीपासून चार पावलं लांब असतानाच काशीबाईला त्याचा अंदाज आलेला असायचा. मालवणच्या मासळी बाजारात तीस वर्षं बसल्यावर कोण नुसतं बोट लावून पुढे जाणार, कोण अर्धा तास घासाघीस करून शेवटी घेणारच आणि कोण बायकोने पाठवलाय म्हणून मिळेल ते उचलून सुटणार, हे तिला चेहऱ्याकडे न बघता चपलांवरून कळत असे. गोव्याच्या विमानतळावर मात्र ती आल्या आल्याच चुकली. तिला वाटलं होतं, विमानाची माणसं वेळ पाळत असतील.

ते दोन हजार आठचं साल, मे महिना. लेक अक्षया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नात तीन महिन्यांची झाली, अंगाने भरली, आणि आता दोघींना दिल्लीला जावयाकडे पोचवायचं काम आईचं. रेल्वेच्या दीड दिवसाच्या धगीत तान्हं मूल नको म्हणून जावयाने, म्हणजे मंगेशने, एका स्वस्तातल्या विमान कंपनीची तिकिटं काढून पाठवली. काशीबाईच्या नवऱ्याला, हरिश्चंद्राला, विमानाचं नावही नको होतं, म्हणून तो घरी राहिला. त्याने फक्त कोकमं आणि सुक्या बांगड्यांचं गाठोडं बांधून दिलं आणि वास येणार नाही असं तीनदा बजावलं, जणू वास त्याच्या ऐकण्यातला होता.

पहाटे मालवण सोडलेली जीप बांद्यावरून गोव्यात शिरली आणि वेळेच्या आधी दोन तास विमानतळावर टेकली. विमान एकचं. एक वाजता फळ्यावर तीन लागले. तीनला साडेपाच लागले. का, ते कोणी सांगेना. कंपनी स्वस्तातली, तिच्याकडे पाणीसुद्धा विकत, तिथे कारण फुकट कुठून मिळणार.

हॉलमध्ये खुर्च्या कमी आणि माणसं जत्रेइतकी. दोघींना मिळून एक खुर्ची मिळाली होती. तिच्यावर अक्षया, आणि तिच्या पायाशी गाठोड्यावर काशीबाई. सकाळी जीपमध्ये पोर पोटभर प्यायली होती, ती तेवढीच. त्यानंतर अक्षया पदर ओढून घ्यायची, पोर तोंड लावायची, आणि नेमकी तेव्हाच छतातल्या भोंग्यातली बाई इंग्रजीत ओरडायची. पोर दचकून तोंड काढायची आणि रडत सुटायची. समोरचे तीन जण वर्तमानपत्र वाचत होते, पण पान कोणीच उलटत नव्हतं, हे काशीबाईने केव्हाच टिपलं होतं. अक्षयालाही ते कळलं होतं. ती अंग चोरून बसली, तिची छाती दगडासारखी झाली, डोळ्यांत पाणी आलं. रडून रडून पोरीचा आवाज बसला तेव्हा मात्र काशीबाईचा धीर सुटायला आला. धडधाकट लेक-नात जावयाच्या हातात द्यायची, हे ती घरातून बोलून निघाली होती.

कंपनीच्या एका पोरीने येऊन सुचवलं की मॅडम, टॉयलेटमध्ये जाऊन पाजा. सुचवलं तेही अगदी मायेने.

"संडासात बसान आपण जेवतंव काय?" काशीबाई अक्षयाकडे बघून म्हणाली. "मगे ह्या चेडवान कित्याक जेवचा?"

ती पोरगी काही समजली नाही, पण निघून गेली.

काशीबाईने मग तेच केलं जे ती बाजारात मंदी असताना करायची. गप्प बसून माणसं बघायला लागली. हॉलच्या टोकाला दुधी काचेचं एक दार होतं. बाहेर एक मुलगी टेबलामागे उभी. दारातून अधूनमधून कोणी आत जायचं, कोणी बाहेर यायचं. आत जाणारे वैतागलेले असायचे आणि बाहेर येणारे तोंड पुसत यायचे. दार उघडलं की पोटऱ्यांना गार वारा लागायचा आणि आतून आवाज म्हणून यायचा नाही. काशीबाईने अक्षयाला ते दार कसलं ते विचारलं. अक्षया म्हणाली, लाउंज आहे, मोठ्या विमानांच्या मोठ्या तिकिटवाल्यांचं, तिकडे बघू नकोस.

पण काशीबाई बघत राहिली, आणि निळ्या शर्टाचा माणूस तिला दिसला. त्याला ती विसरणं शक्यच नव्हतं. सकाळी तो रांगेत त्यांच्या पुढेच होता, आणि दोन किलो जास्तीच्या सामानासाठी त्याने पाऊण तास हुज्जत घातली होती. म्हणजे विमान तेच, तिकीट तेच स्वस्तातलं. तो टेबलापाशी गेला. मुलगी मान हलवायला लागली, तशी त्याने पाकिटातून काहीतरी काढलं. पिवळसर, चकचकीत, चौकोनी. मुलीने ते एका मशीनमध्ये घासलं, आणि निळा शर्ट आत गेला.

"अक्षया," काशीबाई म्हणाली, "ह्यो माणूस तिकिटार नाय गेलो. कार्डार गेलो."

अक्षयाने कपाळाला हात लावला. काशीबाईचा हात मात्र कमरेच्या चंचीत गेला होता.

त्या कार्डाचीही एक गोष्टच होती. दोन वर्षांपूर्वी बाजारातल्या बायकांनी गट करून पर्यटकांच्या हॉटेलांना मासळी पुरवायला सुरुवात केली, आणि गटाची प्रमुख म्हणून काशीबाई बँकेत जायला लागली. तिथल्या प्रितम नावाच्या तरुण साहेबाला मार्चअखेर अमुक इतकी कार्डं खपवायची होती. त्याने चहा पाजून, फुकट आहे फुकट आहे म्हणत, काशीबाईच्या गळ्यात सगळ्यात भारी सोनेरी कार्ड मारलं. तिने ते एकदाही वापरलं नाही. पण फुकटची झाली तरी वस्तू टाकून देणारी ती नव्हती. सोबतची पुस्तिका तिने शेजारच्या वर्षालीकडून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून घेतली होती. त्यात विमानतळाचं काहीतरी होतं, कार्डवाला अधिक एक पाहुणा, असं. तेव्हा दोघी पोट धरून हसल्या होत्या.

टेबलामागच्या मुलीच्या छातीवर जान्हवी असं नाव होतं. तिने आधी इंग्रजीत, मग हिंदीत, आणि लुगडं नीट बघून शेवटी मराठीत सांगितलं की या कंपनीच्या प्रवाशांना इथे प्रवेश नाही, कंपनीचा आमच्याशी करारच नाही.

काशीबाईकडे दोन भाषा होत्या. एक बाजाराची, एक ऑफिसातली. तिने दुसरी काढली.

"बरोबर आहे तुमचं. पण आत निळ्या शर्टाचे साहेब बसलेत, ते आमच्याच विमानाचे. तुम्ही त्यांना कंपनी विचारली नाहीत, कार्ड घेतलंत. मग आमचंही घ्या."

जान्हवीने दाराकडे पाहिलं, काशीबाईकडे पाहिलं, आणि हात पुढे केला. काशीबाईने चंचीतून कार्ड काढून तिच्या हातावर ठेवलं. जान्हवीने ते उलटं केलं, सुलटं केलं. मग तिचा चेहरा असा झाला की अक्षयाने पोर घेऊन दुसरीकडे बघायला सुरुवात केली.

कार्डाला लॅमिनेशन केलेलं होतं.

त्यात काशीबाईच्या मते न समजण्यासारखं काय होतं? तिचे हात दिवसभर खाऱ्या पाण्यात आणि खवल्यांत. तिचं रेशनकार्ड असंच टिकलं होतं, मतदानाचं ओळखपत्र असंच टिकलं होतं, हरिश्चंद्राचा होडीचा परवानासुद्धा. कार्ड हातात आलं त्याच दिवशी तिने लवूच्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊन त्याला वरून खालून जाड प्लास्टिक चढवून घेतलं होतं. चारी बाजूंनी बोटभर कड सोडून.

जान्हवीने घासून बघितलं. मशीनच्या फटीत ते शिरेचना. तिने सांगितलं की असं कार्ड चालत नाही, आणि हे सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. एवढ्यात पोरीने बसलेल्या आवाजात पुन्हा सूर लावला. जान्हवीचं हसू गेलं. तिने इकडेतिकडे बघितलं, टेबलावरून वाकली आणि तिची भाषाच बदलली.

"मावशे, आयक. धा मिन्टां चेडवाक आत बसवतंय. कोणाक सांगा नको."

"खंयची गो तू?"

"बांद्याची."

"बांद्याची, म्हणान बरी आसस." काशीबाईचा आवाज मऊ झाला, पण मान हलली ती आडवी. "तुझे उपकार नको माका. माझ्या हक्काचा आसा तर बसतलंव, नाय तर हयच जमनीर."

अक्षया फुटलीच. "आये, दहा मिनटां तर दहा मिनटां! पोर भुकेन मरता आणि तुका हक्क सुचता?"

काशीबाईला लेकीचा राग कळत होता. पण उपकाराने बसलेल्याचं काय होतं ते तिने तीस वर्षं बघितलं होतं. बाजारात दुसऱ्याच्या ओट्यावर मेहरबानीने बसलेली बाई टोपली उघडी करते न करते, तोच कोणीतरी येऊन तिला उठवतं. पोर दहा मिनिटांत हुंदके थांबवील, पोट कधी भरेल? आणि मधेच जान्हवीचा साहेब आला तर अर्धं दूध तोंडात असलेल्या पोरीला उचलून बाहेर यायचं, शिवाय या बांद्याच्या मुलीची नोकरी घालवायची. नकोच ते.

"कार्ड हडे दी," ती जान्हवीला म्हणाली. "आणि चहावांगडा मिठाची पुडी आसली तर ती दी."

जान्हवीने मिठाची पुडी आणून दिली. कात्री मात्र नव्हती. विमानतळावर कात्री ठेवत नाहीत, आणि काशीबाईचं नखं काढायचं यंत्र सकाळीच तपासणीत काढून घेतलेलं. काशीबाईने लॅमिनेशनचा कोपरा दाढेखाली धरून चावला. प्लास्टिकला बारीकशी भेग पडली. मग तिने बोटांना मीठ चोळलं.

लेपा नावाचा मासा चपटा असतो, आणि त्याची कातडी सुरीने निघत नाही. डोक्यापाशी नखाएवढं सोडवायचं, बोट घसरू नये म्हणून मीठ लावायचं, आणि शेपटीकडे एका दमात ओढायचं. मधे थांबलं की कातडीबरोबर मांसही येतं. काशीबाईने आयुष्यात किती लेपे सोलले याला मोजदाद नव्हती. तिने कार्ड टेबलावर दाबून धरलं, भेगेत नख घातलं आणि ओढलं. वरचं प्लास्टिक सर्रकन आलं, आतला सोनेरी रंग जसाच्या तसा.

दुसऱ्या बाजूला काळी पट्टी होती. ती निघाली तर खेळ संपला, असं जान्हवी पुटपुटली. काशीबाईने पट्टीवर अंगठा फिरवून तिचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते आधी ठरवलं. आडवं ओढलं तर फाटणार, लांबीने ओढलं तर सुटणार. अक्षयासुद्धा आता पोर हलवायची विसरून बघत होती. रांगेत मागे उभा राहिलेला एक टायवाला मान लांब करत होता.

काशीबाईने श्वास घेतला आणि लांबीने ओढलं.

पट्टी जाग्यावर होती. लवूचं मशीन त्या दिवशी व्होल्टेज नसल्यामुळे धड तापलं नव्हतं, हे पुढे कधीतरी त्यानेच कबूल केलं. पण त्या क्षणी मालवणातल्या विजेचं श्रेय कोणाला सुचणार होतं? काशीबाईने कार्ड पदराने पुसलं आणि पुढे केलं.

पहिल्या खेपेला मशीन गप्प. दुसऱ्या खेपेलाही गप्प. तिसऱ्या खेपेला ते कुरकुरलं आणि त्यातून कागदाची पट्टी बाहेर यायला लागली. काशीबाईने तिच्यावर मराठीत, एकेक अक्षर कोरत, सही केली. जान्हवीने ती कार्डामागच्या सहीशी ताडून पाहिली आणि ऑफिसातल्या मराठीत, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "या मॅडम. आपण आणि आपल्या एक पाहुण्या. बाळाचं वेगळं लागत नाही."

मग तिने स्वतः दार धरलं. टायवाल्याला थांबायला लागलं.

आत भिंतीकडे तोंड केलेला एक सोफा होता, बाजूला उंच झाडाची कुंडी. काशीबाईने गाठोडं कुंडीला टेकवून ठेवलं, म्हणजे आडोसा पुरा झाला. अक्षया सोफ्यात रुतून बसली, पदर घेतला. पोरीने दोनदा तोंड काढून बघितलं, कोणी ओरडतंय का याची वाट पाहिली, आणि मग अशी लागली की घोट गिळल्याचा आवाज काशीबाईला दोन हातांवरून ऐकू आला. अक्षयाने मान मागे टाकली. तिच्या गालावरचं पाणी तिने पुसलं नाही, ते आपोआप वाळलं.

काशीबाई बशी घेऊन खाण्याच्या टेबलापाशी गेली. माशाचे तळलेले तुकडे ठेवले होते. तिने एक उचलला, वास घेतला, परत ठेवला आणि वाढणाऱ्याला सांगितलं की हा मासा बर्फात निदान आठवडाभर होता, त्यापेक्षा उकडलेली अंडी द्या, बाळंतिणीला हवीत. अंडी आली. गरम दूधही आलं. एका कोपऱ्यात टीव्ही बोलत होता, तिने बोटाने खूण केली, कोणीतरी तो बंद केला. निळा शर्ट खुर्चीतून हे सगळं बघत होता. शेवटी त्याला राहवेना. त्याने हिंदीत विचारलं की तुमची कंपनी कुठली.

"तुमचीच," काशीबाई म्हणाली, आणि चहात दोन चमचे साखर घातली.

साडेपाचला छतातली बाई इथेही बोलली, पण इथे तिचा आवाज माणसासारखा होता. विमानाला आणखी एक तास उशीर होता. काचेपलीकडे अख्खा हॉल कण्हला. निळ्या शर्टाने मांडीवर हात आपटला.

अक्षयाने डोळे न उघडता विचारलं, "आये, काय म्हणता ती?"

काशीबाईने वाकून बघितलं. पोरीच्या ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता, मूठ सैल पडली होती, पण तोंड अजून हळूहळू चालू होतं.

"काय नाय," ती म्हणाली. "सावकाश पिऊ दे म्हणता. दुसरी बाजू घे."