मयतांची पैसेवारी

पणदऱ्याचे रावजी देवकाते तलाठ्यांवरचे सर्कल म्हणून रिटायर झाले, तेव्हा एकतीस वर्षांच्या नोकरीत या माणसानं एकही खोटी नोंद केली नाही, अशी त्यांची ख्याती होती. ती त्यांनी स्वतःच पसरवली होती. पण होती खरी. त्यांचा आवडता विषय पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज. शेतात दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा दोरीनं आखायचा, त्यातलं पीक कापायचं, झोडपायचं, तोलायचं आणि त्यावरून अख्ख्या गावात किती पिकलं ते सांगायचं. रिटायर झाल्यावरही रस्त्यानं जाताना ते दुसऱ्याच्या बाजरीकडं बघून मनात आकडा लावत. मालकानं विचारलं नाही तरी सांगत.

शहाण्णव सालच्या थंडीत त्यांच्या जावयाचं बारामतीत व्याख्यान झालं. जावई नागेश कॉलेजात इतिहास शिकवायचा. लढायांवर तासभर बोलून शेवटी तो म्हणाला, की माणूस लढायला लागला तेव्हापासून आजवर लढायांत किती माणसं मेली, याचे अंदाज पंधरा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत आहेत. लोकांनी हळहळ केली. रावजी उठून उभे राहिले.

"जावईबापू, माझ्या तलाठ्यानं पंधरा ते शंभर पोती असं लिवून आणलं असतं, तर मी त्याला परत शेतात पाठवला असता."

नागेशनं समजावून सांगितलं. जिंकणारा शत्रूचे जास्त मोजतो, हरणारा आपले कमी सांगतो, आणि रोगानं, उपासमारीनं मेलेले काही जण धरतात, काही जण धरत नाहीत. रावजींनी ऐकून घेतलं, पण जावयाच्या घरी जेवायला बसेपर्यंत विषय सोडला नाही. तेव्हा त्यांची मुलगी दिपाली म्हणाली, की आबा, मग तुमीच मोजा. विषय मिटावा म्हणून ती बोलली होती. रावजींनी तो हुकूम धरला.

तिथंच मुक्काम टाकून महिनाभर ते कॉलेजच्या लायब्ररीत बसले. एका लांब वहीत लढाई, साल, मेलेले आणि सांगणारा असे रकाने आखले. बखरींत लाखाच्या खाली आकडा सापडेना. एका लढाईत तर एका बाजूचे जितके मेले, तितकी माणसं त्या मुलखात राहतच नसावीत. अशा ठिकाणी ते लाल शाईनं शेरा मारत : 'नजरअंदाज. जागेवर पाहणी नाही.' महिन्याअखेर वही लाल झाली. मग त्यांनी ठरवलं, की पीककापणी केल्याशिवाय हे जमायचं नाही. एक गाव घ्यायचं, तिथं कागदावर किती मेले आणि खरे किती मेले ते काढायचं. त्यातून जी पट निघेल, ती सगळ्या इतिहासाला लावायची.

चौदा सालच्या मोठ्या लढाईत, म्हणजे पहिल्या महायुद्धात, माणसं गेली, अशा काही गावांत तेव्हाच्या सरकारनं दगडी पाट्या बसवल्या होत्या. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या अशा गावांच्या चिठ्ठ्या त्यांनी तांब्यात टाकल्या आणि दिपालीला उचलायला लावलं. चिठ्ठी निघाली हाकेवाडीची. डाळजच्या पलीकडची, जुन्या धनगरांची वस्ती. उजनीचं पाणी आलं तेव्हा वाडी वर सरकली आणि बैलगाडीतून आणलेली पाटी शाळेच्या भिंतीत बसली.

रावजी गुरुवारी एस.टी.नं भिगवणला उतरले आणि तिथून टमटमनं वाडीत गेले. पाटीवर मजकूर सरळ होता : या गावातून तेवीस माणसे मोठ्या लढाईत गेली, पैकी दोघांनी प्राण दिले. नावं नव्हती. त्यांनी दोन हा आकडा वहीत घेतला आणि पारावर म्हाताऱ्या माणसांजवळ चौकशीला बसले.

दोघांतला एक, खंडू, गोळी लागून मेला यावर सगळ्यांचं एकमत होतं. दुसरा मारुती. तो तुर्कांच्या कैदेत होता आणि एकवीस साली चालत घरी आला. तोवर पाटी लागली होती. दोन खोडून एक करायला कुणी आलं नाही. मारुती पुढं सदतीस वर्षं जगला आणि संध्याकाळी त्याच पाटीला पाठ टेकून चिलीम ओढायचा. रावजींनी एक वजा केला. मग कळलं, की रजेवर आलेल्या दोघा शिपायांबरोबर वाडीत अठरा सालची मानमोडी आली, आणि त्या तापानं वीस दिवसांत एकेचाळीस माणसं गेली. हे लढाईत धरायचे की नाही, यावर पारावर दुपारपर्यंत वाद झाला. नाही धरले तर खरा आकडा एक. धरले तर बेचाळीस. म्हणजे पाटीच्या निम्म्यापासून एकवीस पटीपर्यंत. जावयाचा अंदाज सहा-सात पटींनी हलत होता. सासऱ्याचा बेचाळीस पटींनी हलायला लागला. रावजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी आली. द्वारकाबाई तिचं नाव, वय पंच्याऐंशीच्या आसपास. वाडीत सरकारी माणूस मेलेल्यांची नावं लिहितोय, असं तिच्या कानावर गेलं होतं.

"तुमी सरकारी हाय का?"

"व्हतो," रावजी म्हणाले.

"मंग लिवा. बिरू बापू हाके. माझा बा."

बिरू शिपाई नव्हता, त्यामुळं तेवीसांत नव्हता. पलटणीला ताज्या मटणासाठी जिवंत मेंढरं बोटीनं बसऱ्याला जायची. ठेकेदारानं वाडीतली दोनशे मेंढरं घेतली आणि बोटीवर ती सांभाळायला बिरूला नेलं. मानमोडीच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. पोर तेव्हा चार-पाच वर्षांची. तिला बापाचा चेहरा आठवत नव्हता, मेंढरं नदीच्या उतारानं गेली ती आठवत होती. पुढं एका शिपायानं बसऱ्याच्या धक्क्यावर बिरूला मेंढरांना पाणी पाजताना पाहिलं होतं. त्यानंतर काही नाही. तार नाही, कागद नाही. ऐंशी वर्षांत कुणी विचारायलाही आलं नव्हतं.

रावजींना उत्साह आला. कुठल्याच यादीत नसलेला माणूस त्यांना आज पहिल्यांदा सापडला होता. त्यांनी रीतसर पंचनामा करायचं ठरवलं. पाच पंच बसवले, कोरा कागद घेतला, द्वारकाबाईचा जबाब लिहिला आणि मयताच्या तारखेपाशी थांबले.

"सतरा साल धरतो," ते म्हणाले. "त्या साली तितं रोगराई लई व्हती."

अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढं केला, पण द्वारकाबाईनं हात पदराखालून काढला नाही.

"माझी आई धोंडाबाई पानशेत फुटलं त्या साली वारली," ती म्हणाली. "तवर कपाळाला कुंकू व्हतं. हिरव्या चुड्यानं गेली. तुमी सतरा साल लिवलं तर ती चव्वेचाळीस वर्सं रांडाव असून कुंकू लावत हिंडली, असं व्हईल."

पंचांतल्या दोघांच्या आयांनी धोंडाबाईची ओटी भरली होती.

"मंग कवाचं लिवू?"

"पानशेतच्या पुढचं लिवा. बासष्ट."

"बासष्ट लिवलं तर तो लढाईत मेला न्हाय. यादीत बसत न्हाय."

"नगं बसू दे," म्हातारी म्हणाली आणि काठी धरून उठायला लागली.

रावजींनी तिला बसायला सांगितलं. नोकरीत त्यांनी शेकडो वारसनोंदी केल्या होत्या. मेलेल्याचं नाव कमी करून जिवंताचं लावताना त्यांचा हात कधी अडला नव्हता. आज अडला. सतरा साल त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मयताचा रकाना भरायला एक माणूस मिळतोय म्हणून ते आपण घरचंच घातलं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एकतीस वर्षांत जे केलं नव्हतं, ते पेन्शनीत करायला निघालो होतो.

त्यांनी ती ओळ खोडली, बाजूला सही केली आणि खाली लिहिलं. मग मोठ्यानं वाचलं : "बिरू बापू हाके हा सन एकोणीसशे सोळा साली मेंढरे घेऊन लढाईच्या कामी बसरा मुक्कामी गेला. आजतागायत परत आला नाही. तो मयत झाल्याचे कोणी पाहिलेले नाही."

"पुन्यांदा वाचा," द्वारकाबाई म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाचलं. ती थोडा वेळ ओठ हलवत राहिली.

"ह्यात आईचं कुंकू ऱ्हातं का?"

"ऱ्हातं."

तिनं अंगठा दिला. पंचांनी सह्या केल्या. एक प्रत तिला दिली. तिनं तिची बारीक घडी केली आणि चंचीत सुपारीशेजारी ठेवली. मग ती रडली, फार नाही, आणि रावजींना चहा पिऊन जायला सांगून घराकडं गेली.

रावजींचा चहा होईपर्यंत द्वारकाबाईच्या दारात आणखी चौघं उभे होते. कुणाचा आजा खेचरांबरोबर गेलेला, कुणाचा चुलता रस्ते खोदायला. तेही तेवीसांत नव्हते. रावजींनी वहीत हाकेवाडीच्या पानावर 'मेले' आणि 'परत आले' हे दोन रकाने आखले होते, त्यांच्याशेजारी तिसरा आखला : 'परत आले नाहीत'. त्या दिवशी भिगवणची शेवटची गाडी चुकता चुकता मिळाली.

पुढं दर गुरुवारी ते वाडीत जायला लागले. शिमग्याच्या सुमारास नागेशनं वही मागून घेतली आणि काळजीपूर्वक वाचली. पटीचं काय झालं, असं त्यानं विचारलं. निम्म्यापासून एकवीसपर्यंत, असं रावजींनी सांगितलं. नागेश हसला नाही. तो जावई चांगला होता. तिसऱ्या रकान्याची बेरीज कुठं धरायची, एवढंच त्यानं विचारलं.

"ती धरता येत न्हाय," रावजी म्हणाले. "नुसतं लिवायचं."

"मग एकूण आकडा?"

तो आपल्याच्यानं होणार नाही, असं रावजींनी कबूल केलं. एवढी मोठी हार त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कुणापुढं कबूल केली नव्हती, पण त्यांचा चेहरा काही पडला नाही. हाकेवाडीचे चौदा पंचनामे पुरे झाले होते. आता डाळजहून निरोप आला होता. तिथं कुणाची तरी मावशी आजारी होती आणि तिला बापाचं नाव लवकर लिहून हवं होतं. रावजींनी शाईच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि दिपालीला विचारलं, की भाकरी बांधून देतीस का, सातची गाडी धरायची हाय.