कोंडाजी पडदेवाल्याचा चेहरा

मित्रांनो, मी कॅनव्हासवर तेलरंगात उतरवलेला एका माणसाचा चेहरा आहे. आता माझ्या रंगाला भेगा पडल्या आहेत, तरी नीट पाहिलंत तर तो माणूस लगेच ओळखू येतो. हेच एकदा त्याच्या जिवावर बेतलं होतं.

भिसेगावच्या आबाजी चित्रकारांनी मला १९४१ साली काढलं. समोर बसला होता त्यांचा मित्र, नाटकांचे पडदे रंगवणारा कोंडाजी. आबाजी दिसेल तेच काढत, चामखीळसुद्धा सोडत नसत. "आरसाच हाय रं," असं लोक म्हणत आणि मी फुगून जाई.

पुढे कोंडाजी सरकारविरुद्ध भिंती रंगवू लागला. पोलीस पकडायला आले तेव्हा तो रानात पसार झाला. त्याचा एकही फोटो नव्हता. होतो फक्त मी.

फौजदार आला. त्याने मला आबाजींच्या अंगणात, त्यांच्यासमोरच भिंतीला टेकवलं. माझ्या नकला छापून ठाण्याठाण्यात लावायच्या होत्या. खात्री करायला पोशीरहून कोंडाजीच्या बायकोला, बायजाला आणलं होतं.

"हाच ना तुझा नवरा?"

बायजा जवळ आली, वाकली. तिचा श्वास मला लागत होता. आता ही रडणार आणि सगळं संपणार, असं मला वाटलं.

बायजा खदखदून हसली.

"अगं बया! ह्यो कोन? आमचं ध्यान तिरळं हाय, सायेब. एक डोळा कर्जतला, एक खोपोलीला! ह्यो तर नवरदेवावानी सरळ बघतोय. आन् कान? सुपाएवढे! आबाजी भावजी, भाकरी तरी नीट थापता येते का तुमाला?"

फौजदार आबाजींकडे वळला. "काय रे, तू म्हणे आहे तसंच काढतोस?"

शेजारीपाजारी ऐकत होते. कुणी तोंड उघडलं नाही. आबाजींनी मान खाली घातली.

"नाही साहेब. डोळे मीच सरळ केले. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून मी असंच करतो."

"थापाड्या!" फौजदाराने मला पायाने लोटलं आणि शिपायांना तिरळा माणूस शोधायला पिटाळलं.

ते गेल्यावर बायजा आबाजींकडे वळली. "भावजी, मी लई वंगाळ बोलले. चार मानसांत तुमची अब्रू घालवली."

आबाजींनी मला उचलून उपरण्याने पुसलं. "वहिनी, माझं चित्र इतकं जवळून आजवर कुणी पाहिलं नव्हतं."

आबाजी चेहरा बदलून काढतात, ही गोष्ट बाजारात पसरली. बाहेरगावच्या लोकांनी आबाजींकडून चित्रं काढून घेणं सोडलं. खरं काय ते सांगायची सोय नव्हती. कोंडाजी मात्र सापडला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचं चित्र असेल, तर त्याला ओल लागू देऊ नका. पण ज्याचं चित्र आहे ते माणूस अजून घरात वावरत असेल, तर आधी त्याच्याकडे नीट पाहून घ्या. आमच्याकडे मागाहून पाहता येतं.