उघडं लोखंड

आदिनाथच्या गाडीचं काम धम्मदीपने मागून घेतलं होतं. कुणी आपणहून त्याला ते दिलं नसतं. वडगावात स्टेशनच्या रस्त्याला त्याचं गॅरेज बरं चालायचं, लांबलांबची गिऱ्हाइकं यायची. पण इंदुरीत, त्याच्या स्वतःच्या गावात, कुणाच्या गाडीचा ब्रेक बिघडला तर तो माणूस गाडी ढकलत तळेगावला नेईल, धम्मदीपच्या हातात देणार नाही. कारण गावाला ठाऊक होतं. तोंडावर कुणी बोलत नव्हतं, एवढंच.

आदिनाथ आणि तो शाळेपासूनचे जोडीदार. एकाला स्पोर्ट्‌स बाइक पळवायचं वेड, दुसऱ्याला ती खोलायचं. काही वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी धम्मदीपने त्याच्या गाडीला पुढची नवी ब्रेक पॅडं बसवून दिली आणि बजावलं, की नवी आहेत, थोडे दिवस कमी धरतील, सांभाळून चालव. खंडेनवमीला घरी गाडीची पूजा झाली. दसऱ्याच्या सकाळी आदिनाथ लोणावळ्याला गेला. भुशीच्या पुढे उतारावर वळण आलं आणि गाडी वळणाआधी थांबलीच नाही. मागून येणाऱ्या माणसाने पाहिलं होतं, ब्रेकचा लाल दिवा शेवटपर्यंत लागलेला होता.

पोलिसांनी पंचनाम्यात वेग लिहिला. गावाने मनात धम्मदीपचं नाव लिहिलं. गावाच्या तोंडाला हात लावता येत नाही, आणि मनाला तर मुळीच नाही. धम्मदीपने ती पॅडं मनातल्या मनात किती वेळा काढून पुन्हा बसवली याला गणती नव्हती. दर वेळी ती बरोबरच बसायची. पण मित्र गेल्यावर आपण बरोबर होतो हे सांगायचं कुणाला?

आता आदिनाथचा धाकटा भाऊ संदेश जवळच्या आंबी गावातल्या कंपनीत लागला होता आणि त्याला ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची होती. त्यांची आई रेणुकामावशी आधी नाही म्हणाली. मग एक दिवस स्वतःच म्हणाली, गंजू देऊ नको त्याची गाडी. धम्मदीपच्या कानावर ते आलं आणि तो उठून त्यांच्या दारात गेला. संदेश खूश झाला. मावशीने धम्मदीपकडे पाहिलं, "कर," एवढंच म्हणाली आणि आत गेली. तिच्या मनात काय आहे हे त्याला कळत होतं. या गाडीचा ब्रेक तिच्या डोळ्यांदेखत चोख करून दाखवायचा, म्हणजे ते मन कदाचित थोडं हलेल, अशी त्याला आशा होती. बाकी गावाचं काय व्हायचं ते होवो.

गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत ताडपत्रीखाली होती. बाकी मोडतोड थोडी, पण पुढच्या दोन्ही डिस्क, म्हणजे ज्यांना पॅडं आवळून चाक थांबवतात त्या भोकाभोकांच्या चकत्या, वाकलेल्या. कंपनीच्या आता मिळत नव्हत्या, म्हणून धम्मदीपने पुण्याहून दुसऱ्या बनावटीच्या, पण खात्रीच्या आणल्या. जुन्या काढताना त्याला दिसलं, की त्यांच्या भोकांमध्ये काळपट पिवळं काहीतरी चिकटून वाळलंय. गंज असेल, चिखल असेल, असं म्हणून त्याने त्या बाजूला ठेवल्या.

नव्या डिस्क त्याने कडेला धरून घेतल्या. गंजू नये म्हणून त्यांना कारखान्यातच पातळ तेल लावलेलं असतं. ते त्याने स्पिरिटने पुसलं, कापड बदलून पुन्हा पुसलं. बोल्ट समोरासमोरचे घेत हळूहळू आवळले. चाक फिरवून डिस्क कुठे डुलते का ते कान लावून ऐकलं. नवी पॅडं घातली, पुढच्या ब्रेकची मूठ दाबून दाबून घट्ट केली. एवढं मन लावून त्याने आजवर कुणाचं काम केलं नसेल.

काम संपलं तशी रेणुकामावशी पूजेचं ताट घेऊन आली आणि धम्मदीप उठून बाहेर गेला. त्याच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून त्यांच्या घरात हत्यारापुढे नारळ फुटला नव्हता. पण दुसऱ्याच्या पूजेला नाक मुरडायची त्याला सवय नव्हती. दुसरा हात जोडत असला की आपण जरा बाजूला व्हायचं, म्हणजे त्यालाही अवघड नाही आणि आपल्यालाही नाही, ही त्याची रीत. त्या खंडेनवमीला आदिनाथने घरी बोलावलं होतं, तेव्हाही पूजा होईपर्यंत तो असाच नदीकडे जाऊन उभा राहिला होता.

परत आला तेव्हा टाकीवर कुंकू होतं, चाकांखाली लिंबं होती आणि संदेश गाडीवर बसलेला होता. धम्मदीपने त्याला खाली उतरवलं. ब्रेकचं काम केलं की पहिली फेरी स्वतः मारायची, गाडी मग कुणाचीही असो, हा त्याचा नेम होता.

तो गावच्या किल्ल्याच्या बाजूने नदीकडच्या उताराला लागला. पुलाच्या अलीकडे त्याने पुढचा ब्रेक दाबला. मूठ घट्ट लागली, पण गाडीने काही मनावर घेतलं नाही. त्याने सगळा जोर लावला. गाडी आपली चाललीच. मग मागचा ब्रेक धरून, खडीवर पाय घासत, बाभळीच्या काट्यांत घुसून तो कसाबसा थांबला.

उतरून, खाली बसून त्याने डिस्कवरून बोट फिरवलं. बोटाला तेल लागलं. तेलात हळद होती.

मग त्याला जुन्या डिस्कच्या भोकांतलं ते पिवळं आठवलं आणि सगळं एकदम उलगडलं. आधी काय वाटलं म्हणाल, तर सुटलो असं वाटलं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं, आता जुनी डिस्क उचलून गावाच्या पुढ्यात टाकायची, की बघा. तो तसाच उठलाही. मग त्याच्या डोळ्यांसमोर ताट घेऊन वाकलेली मावशी आली आणि त्याची त्यालाच शरम वाटली. ब्रेक कमी लागतोय हे आदीला सकाळीच जाणवलं असणार. नवी पॅडं आहेत, कमी धरतील, असं धम्मदीपच म्हणाला होता ना, म्हणून तो बिनघोर पुढे गेला. पण आईला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

गाडी ढकलत तो परत आला. डिस्क पुसता येते, पण पॅडाने एकदा तेल प्यायलं की ते टाकूनच द्यावं लागतं. म्हणून त्याने संदेशला गॅरेजमधून दुसरी पॅडं आणायला वडगावला पाठवलं. मावशी पडवीच्या पायरीवर उभी होती.

"काय झालं?"

"काय न्हाई मावशी. डिस्कवरचं तेल माज्याकडनं पुसायचं ऱ्हायलं. बदलतो पॅडं."

मावशी त्याच्या हाताकडे बघत होती. "कंच्या रंगाचं तेल व्हतं?" तिने विचारलं.

धम्मदीपने बोटं मुठीत घेतली, पण उशीर झाला होता. मावशी पायरीवर बसली आणि सांगू लागली. तिचे सासरे फाळ असो, विळा असो, कुऱ्हाड असो, पूजेला तेलाचं बोट फिरवल्याशिवाय ठेवत नसत. उघडं लोखंड कोरडं ठेवू नये, असं ते म्हणायचे. ही चकचकीत चकती उघडीच दिसली, म्हणून तिने दोन्ही बाजूंनी, हात फिरवून, लेकराच्या अंगाला लावावं तसं तेल लावलं. धम्मदीपच्या हातावर भरवसा नव्हता, म्हणून जास्तच लावलं. हेही तिने सांगितलं.

मग ती थांबली. "आदीच्याबी गाडीला लावलं व्हतं," ती म्हणाली.

"त्याचा काय संबंध न्हाई, मावशी," धम्मदीप जमिनीकडे बघत म्हणाला. "तवा पॅडं माज्याकडनंच चुकीची बसली व्हती. लोक म्हनत्यात ते खरं हाय."



"आमच्या पेरूची फांदी आदीनं मोडली व्हती," मावशी म्हणाली. "‘मीच मोडली’ आसं सांगून तू मार खाल्लास. तवाबी असाच खाली बघत व्हतास."

तिने बाजूला पडलेली जुनी डिस्क मांडीवर घेतली. भोकातलं पिवळं नखाने खरवडलं, नाकाशी नेलं. ती रडली नाही. रडली असती तर धम्मदीपला बरं वाटलं असतं. तिने फक्त कापड मागितलं. मग स्पिरिट ओतून दोघांनी मिळून नव्या डिस्क पुसल्या, आणि कापडाला काही लागेनासं झालं तरी ती पुसतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर माणसं बसलेली असताना रेणुकामावशी जुनी डिस्क घेऊन तिथे गेली. बायका त्या बाजूने पदर सावरून पटकन पुढे जातात, ही मधोमध उभी राहिली. आदीच्या ब्रेकला मी माझ्या हाताने तेल लावलं होतं, तिने सांगितलं, धम्मदीपचं नाव आता कुणी घेऊ नका, घ्यायचं तर माझं घ्या. कुणीतरी, बसा मावशी, म्हणालं. ती बसली नाही, तिथून तडक घरी आली.

पडवीत धम्मदीप संदेशने रात्री आणलेल्या पॅडांचा शेवटचा बोल्ट आवळत होता. मावशीने आतून ताट आणलं. तो सवयीने पाना खाली ठेवून उठला आणि बाहेर निघाला.

"जाऊ नको," मावशी म्हणाली. "हितंच उभा ऱ्हा. माजा हात चुकला तर धर."

तो थांबला. मावशीने टाकीला कुंकू लावलं, हँडलला हार घातला. तेलाची वाटी ताटात होती. तिने तिच्यात बोट बुडवलं आणि सवयीनेच ती चाकाशी वाकली. धम्मदीपने पुढे होऊन तिचं मनगट धरलं. तेव्हा कुठे ती रडली.