ओळ एकशे पंच्याऐंशी

मी एक प्रोग्रॅम बोलतोय. हसू नका. बेचाळीस ओळींचा जीव आहे माझा. वजन नाही, हातपाय नाहीत. पण साल सांगा, महिना सांगा, मी तारखा आणि वार मांडून दाखवतो. एकदा सांगितलेला वार मी कुणाच्या तोंडाकडे बघून बदलत नाही. माझ्या या स्वभावापायी एका माणसाची हातातोंडाशी आलेली जागा गेली, असं लोक म्हणतात. काय झालं ते मीच सांगतो, म्हणजे तिखटमीठ लागायला नको.

माझा जन्म १९८५ च्या दिवाळीनंतर बेळगावला, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात झाला. तिथं नवा संगणक आला होता. मॅनेजर मारुतीरावांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि खोलीबाहेर पाटी लावली, 'चपला बाहेर काढाव्यात'. स्टोअरमधला भरमा मालाच्या याद्या त्यात भरायला बसायचा. दुपारच्या सुटीत पाच मिनिटांत भाकरी संपवून तो एका बोटानं मला टाइप करायचा.

संगणकाबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तकात कॅलेंडरचा नमुना होता. त्यात वार वर डोक्यावर आणि तारखा आडव्या. "आपल्या भिंतीवर असं असतंय व्हय?" म्हणत भरमानं मला उभं केलं. वार डाव्या हाताला, तारखा वरून खाली. देवनागरी मला येत नव्हती, म्हणून RAVI, SOM, MANGAL. लिपी परकी असली तरी चाल घरची होती.

माझ्या ओळींना दहा, वीस, तीस असे आकडे आहेत. मधे जागा सोडायची रीत असते, विसरलेलं काही आठवलं तर तिथं बसवता येतं. माणसांच्या दाखल्यांत अशी जागा सोडत नाहीत, हे मला पुढं कळलं.

जानेवारीत फळ्यावर नोटीस लागली. संगणकासाठी एक माणूस कायम नेमायचा होता, एक जानेवारीला वय सव्वीसच्या आत हवं. भरमाच्या शाळेच्या दाखल्यावर तारीख होती १ जून १९५९, म्हणजे सव्वीस वर्षं सात महिने. त्या काळी गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगत. पोचला की पोर सहा वर्षांचं आणि जन्म एक जूनचा. अर्धा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला. भरमाचे हात लांब, त्याला त्याचीच शिक्षा.

रविवारी तो निपाणीला घरी गेला. त्याची आई सोनुबाई तंबाखूच्या वखारीत कामाला होती.

"आई, मी कवा झालो गं?"

"जयंतीला. दीक्षा घेतल्यावर चौथा उन्हाळा. सांच्याला बाबासाहेबांची मिरवणूक दारात आली आनि तू रडाय लागलास. सकाळी मी बाजार करून आलते, कळा सोसत. गावचा बाजार गुरुवारचा."

दीक्षा छप्पनच्या दसऱ्याची. चौथा उन्हाळा साठचा. म्हणजे १४ एप्रिल १९६०, आणि वय पंचवीस! भरमानं सोमवारी मोठ्या आशेनं मला एप्रिल साठ विचारला. मी म्हणालो, बुधवार.

होय, मी चुकलो होतो. लपवत नाही. पण तेव्हा भरमाचा माझ्यावर आईपेक्षा जास्त विश्वास होता. तो मला कागदावर छापून पुढच्या रविवारी निपाणीला घेऊन गेला.

"साल तरी चुकतंय तुझं, न्हाईतर वार," तो म्हणाला.

सोनुबाईला अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते. तिनं कागदावर वरून बोट फिरवत आणलं. "ही पाचवी ओळ बाजाराची. तू चौदा चौथीत घातलास."

"मी न्हाय, कॉम्प्युटरनं घातलंय."

"त्यो गेलता व्हय बाजाराला? मी गेलते."



दुसऱ्या दिवशी भरमानं मला सत्तावन्न ते एकसष्टपर्यंतचे चौदा एप्रिल विचारले. मी सांगितलं, रवि, सोम, मंगळ, बुध, शुक्र. तो शुक्रवारापाशी थांबला. दर वर्षी वार एक घर सरकतो, लीप सालात फेब्रुवारीनंतर दोन घरं. साठ साल लीप, म्हणजे उडी साठला पडायला हवी. मी ती एकसष्टला मारत होतो, कारण एकोणतीस फेब्रुवारीचा दिवस मी साल संपल्यावर मोजायचो. भरमानं एकशे ऐंशी आणि एकशे नव्वदच्या मधे नवी ओळ बसवली, एकशे पंच्याऐंशी. तिच्या शेवटी शेरा लिहिला, SONUBAI. असा शेरा मी वाचत नाही, तो माणसांसाठी असतो. आता मी म्हणालो, गुरुवार. एकोणसाठला मात्र मंगळवार तो मंगळवारच.

मारुतीरावांनी ऐकलं आणि मान हलवली. "आधी बुधवार, आता गुरुवार. आई बोलली तसा पोपट पढवलास की रे!"

"साहेब, तुमच्या लग्नाची तारीख घाला."

वीस मे १९६८. मी म्हणालो, सोमवार.

"रविवार होता! सुटी बघून मुहूर्त धरलेला!" मारुतीराव तडकले. ऑफिस भरमाला हसलं.

अडुसष्टही लीप साल. एकशे पंच्याऐंशी पुसली असती तर मी निमूट रविवार म्हटलं असतं आणि साहेब खूश झाले असते. भरमाला ते ठाऊक होतं. त्याचं बोट कळफलकावर आलं. मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. मग त्यानं हात मागं घेतला.

"सोमवारच, साहेब."

दुसऱ्या दिवशी मारुतीराव चपला काढून आत आले आणि खुर्चीत बसले. "आमच्या मंडळींनी, जयाबाईनं, ट्रंकेतनं लग्नाची पत्रिका काढली. रविवारी हळद, सोमवारी लग्न." माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "पण दाखला तो दाखला. फॉर्मवर एक जून एकोणसाठच लिही, सात महिन्यांची सूट मी मालकांकडनं मिळवून देतो."

"सूट वय जास्त असंल त्याला, साहेब. माझं न्हाय."

भरमानं १४ एप्रिल १९६० लिहिलं आणि सही केली. फॉर्म परत आला. जागा दुसऱ्याला मिळाली. वेडा म्हणाले त्याला. म्हणू देत!

घरी त्यानं आईला सांगितलं. सोनुबाई म्हणाली, "जागा दुसरी मिळंल रं. जयंती घालवून आला असतास तर ती कुठनं आणली असती?"

आता १९८९ साल आहे. फौंड्रीत नवा संगणक आला आणि तिथली माझी प्रत पुसली गेली. गेली तर गेली. भरमानं निपाणीत एका दुकानाच्या माडीवर क्लास काढलाय, दोन संगणक आणि बारा मुलं. पहिला धडा माझाच. या सीमेवर पाटीच्या अक्षरावरून डोकी फुटतात; पण मराठी पोर असो की कन्नड, गुरुवारला दोघंही गुरुवारच म्हणतात.

परवा राजमती नावाची हुशार मुलगी म्हणाली, "सर, हा SONUBAI शेरा काढला तरी प्रोग्रॅम चालतोय की."

"चालतोय," भरमा म्हणाला. "पण काढायचा न्हाय."

तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. मला उतरवून घ्या, लहान करा, रंगीत करा, हवं तर पुन्हा आडवं करा. एकशे पंच्याऐंशीला मात्र हात लावू नका. कुणी विचारलंच, तर सांगा की याला वार मोजायला एका अंगठा उठवणाऱ्या बाईनं शिकवलं, आणि ती स्वतः बाजाराला गेली होती.