बाबांना न्यायला आलेली बस

माझे बाबा, पिरिपी, बेकारभत्त्याच्या कचेरीत रांगेत उभे असताना गेले. मागच्या माणसाला म्हणाले, "जरा माझी जागा धर रे," आणि भिंतीला टेकून खाली बसले. ते उठलेच नाहीत. त्या माणसाने म्हणे बराच वेळ त्यांची जागा धरून ठेवली होती. पुढे सरकायची वेळ आली तेव्हा त्याने बाबांच्या खांद्याला हात लावला आणि मग आरडाओरडा झाला.

ऑकलंडच्या कडेला ओताऱ्यात आमचं सरकारी घर होतं. तिथून पायी जाण्यासारख्या अंतरावर बाबा कामाला होते तो कत्तलखाना. मेंढ्या साखळीला उलट्या टांगून पुढे पुढे सरकत यायच्या आणि बाबा त्यांची कातडी उतरवायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्याच साखळीवर काढली. मग कारखाना बंद झाला. पहिले काही महिने त्यांचे सोबती आमच्या गॅरेजमध्ये बिअर घेऊन बसायचे. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा हाकोपा म्हणायचा, "पिरिपी, आता मेंढ्या आपल्याला टांगतील बघ. आपल्या अंगावर लोकर नाही, तेवढीच त्यांची पंचाईत." सगळे खो खो हसायचे. दुसऱ्या वर्षी कोणी हसेना. तिसऱ्या वर्षी कोणी येईना. बाबा एकटेच गॅरेजमध्ये बसू लागले, दार ओढून घेऊन.

माझी आई हुरिया पहाटे शहरात जाऊन ऑफिसं झाडायची. थोरला भाऊ तुरोआ तुरुंगात होता, दारूचं दुकान फोडल्याबद्दल. मी, रिपेका, शाळेच्या शेवटच्या वर्गात होते.

आई अनाथाश्रमात वाढलेली. चेहरा माओरी, नाव माओरी, बाकी काही नाही. आपल्या लोकांत नवं माणूस भेटलं की पहिला प्रश्न असतो, कुणाची गं तू? मग आजोबा, पणजोबा, नदी, डोंगर, सगळं सांगायचं असतं. आई म्हणायची, "पिरिपीची." आणि विषय बदलायची.

बाबांना हे सगळं होतं, पण ते सांगायचे नाहीत. त्यांचं गाव उत्तरेला, होकियांगाच्या खाडीकाठी. आम्ही ते पाहिलंही नव्हतं. का, ते आईला माहीत होतं. लहानपणी बाबा होडी वल्हवत होते आणि त्यांचा थोरला भाऊ त्या होडीतून पडून बुडाला. आजोबा सगळ्यांदेखत म्हणाले, "हा माझ्या नजरेसमोर नको." बाबा ऑकलंडला आले ते परत गेलेच नाहीत. आजोबा वारले तेव्हाही नाही. आमच्याशी त्यांनी माओरीत कधी एक शब्द काढला नाही. शिव्यासुद्धा इंग्रजीत.

एकदा कुंपण दुरुस्त करता करता ते आईला म्हणाले होते, "मी मेलो की मला इथंच पुरा. विमानतळाजवळच्या दफनभूमीत. डोक्यावरून विमानं जातात, करमणूक होईल."

"आणि तुझ्या गावचे आले तर?" आईने विचारलं.

"त्यांना काय पडलीय?" बाबा म्हणाले.

शवपेटी घरी आणली तेव्हा आम्ही पुढच्या खोलीतलं सगळं सामान गॅरेजमध्ये टाकलं आणि जमिनीवर गाद्या अंथरल्या. पेटी उघडी ठेवून माणसाजवळ बसून राहायचं, त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, ही आपली तांगी. एवढं आईला ठाऊक होतं. काळे कपडे घालून ती पेटीला डोकं टेकून बसली. शेजारच्या सामोअन बाईने डुकराच्या हाडांचं आणि पालेभाजीचं पातेलं आणून ठेवलं. कारखान्यातले जुने सोबती येऊन गेले, रडले, जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुरोआला आणलं. बरोबर दोन पहारेकरी. हातकड्या दारात काढल्या. तुरोआने वाकून बाबांच्या नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावलं आणि बराच वेळ तसाच राहिला. आई पहारेकऱ्यांना म्हणाली, "बसा हो, चहा घ्या." ते बसले. चहा संपत आला तशी तिने घाईघाईने पुन्हा ओतला. म्हणाली, "पाव तळतेय, गरम गरम खाऊन जा." त्यातला एक आमच्यातलाच होता. त्याला कळत होतं. त्याने दुसरा कपही प्यायला. पाव तळून होईपर्यंत थांबला. मग उठला आणि म्हणाला, "मावशी, आता नाही जमणार." तुरोआ गेला.

जाताना तो आईच्या कानात म्हणाला, "बाबांना कुठे नेऊ देऊ नकोस."

बाबांचे गाववाले येणार हे तोवर कळलं होतं. कोणीतरी फोन केला होताच. ते बाबांना गावी पुरायला पेटी मागणार, आणि मागणाऱ्याला उत्तर द्यायचं असतं. उभं राहून, माओरी भाषेत, वाडवडिलांची नावं घेऊन. ज्याचं बोलणं वरचढ, माणूस त्याचा. आमच्या घरात असं बोलणारं कोणी नव्हतं. म्हणून आई हाकोपाकडे गेली. त्याला भाषा येत होती. कारखान्यात कोणी मेलं की भाषण त्याचंच असायचं.

हाकोपा कोट घालून आला. आईसमोर तोंड नेऊन म्हणाला, "एक थेंब घेतला नाही आज. हुंगून बघ."

"काय बोलशील?" आईने विचारलं.

"बोलेन की, पिरिपी या घराचा आहे. इथं त्याचा घाम सांडलाय, इथं त्याची पोरं झालीत. तू काळजी करू नकोस, हुरिया. मी भल्याभल्यांना गप्प केलंय."

दुपारी बस आली. शाळेच्या पोरांना नेतात तसली जुनी बस. त्यातून काळ्या कपड्यातले तीस-चाळीस लोक उतरले आणि फाटकापाशी थांबले. पुढे एक उंच म्हातारी, डोक्यावर हिरव्या पानांची वेल गुंडाळलेली. बाबांची मोठी बहीण, पाइया आत्या. तिने गळा काढला. ती हाक होती. घरातल्या बाईने तशीच हाक देऊन त्यांना आत बोलवायचं असतं. त्याशिवाय ते आत येत नाहीत.

आमच्याकडून हाक गेली नाही. आईला ती येत नव्हती. मला येत नव्हती. म्हातारीचा आवाज विरून गेला. सगळे तसेच उभे. समोरच्या घरातली पोरं कुंपणावर चढून बघत होती. शेवटी आई दारात गेली आणि इंग्रजीत म्हणाली, "या ना आत. बाहेर का उभे?"

मागे एक तरुण पोरगा फिसकन हसला. आत्याने वळून पाहिलं तसा गप्प झाला. मग ती आत आली. बाबांना पाहिलं आणि पेटीशी बसली. बाबांच्या गालावरून हात फिरवत ती किती वेळ काय काय बोलत होती. मला त्यातलं फक्त एक नाव कळलं, बाबांचं.

मग त्यांचे पुरुष एकेक करून उभे राहिले. एकाच्या हातात काठी होती. बोलता बोलता ती तो आमच्या प्लॅस्टिक अंथरलेल्या जमिनीवर आपटायचा. प्रत्येकाचं झालं की बायका गायच्या. शेवटचा बसला आणि सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं.

हाकोपा उठला. सुरुवात जोरात केली. आवाज असा खणखणीत की आईने पेटीवरचं डोकं उचललं आणि ती माझ्याकडे बघून किंचित हसली. तो पेटीकडे बोट दाखवत होता, आमच्या भिंतींकडे, माझ्याकडे.

मध्येच आत्याने बसल्या जागेवरून त्याला काहीतरी विचारलं. हळू आवाजात. हाकोपा थबकला. त्याने एक नाव घेतलं. तिने आणखी काही विचारलं. त्याने आणखी एक घेतलं, मग एका डोंगराचं. आत्या रडायला लागली आणि रडता रडता एक गाणं म्हणू लागली. हळूहळू सगळे म्हणू लागले. हाकोपा उभाच होता. मग त्यानेही ते गाणं म्हटलं, शेवटपर्यंत, सगळ्या कडव्यांसकट. त्यानंतर दोनच वाक्यं बोलला आणि खाली बसला.

"काय म्हणालास?" आईने विचारलं.

तो कोटाची बटणं लावू लागला.

"हाकोपा, काय म्हणालास त्यांना?"

"न्या म्हणालो."

आईने पेटीवर हात ठेवला.

"तिची आई आणि माझी आजी एका घरातल्या," हाकोपा म्हणाला. "मला ठाऊकच नव्हतं. चाळीस वर्षं मला कुणी विचारलं नाही गं, कुणाचा तू म्हणून. उद्या माझ्यासाठी अशी बस आली, तर मी नको म्हणेन का? कोणत्या तोंडाने नको म्हणू?"

"तू माझ्या बाजूने बोलायला आला होतास."

"हो," तो म्हणाला, आणि टोपी घेऊन मागच्या दाराने गेला. पुढे तो रस्त्यात दिसला की पलीकडच्या कडेने जायचा.

मग आई स्वतः उभी राहिली. त्यांच्याकडे बाईने असं उभं राहून बोलायची रीत नाही. दोन म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. आई इंग्रजीत बोलली. "त्याला तिकडे जायचं नव्हतं. मला सांगितलंय त्याने. त्याच्या बापाने त्याला हाकललं होतं, आणि आता तुम्ही त्याच बापाशेजारी त्याला पुरणार?"

"हो," आत्या म्हणाली. तीही इंग्रजीत. "म्हणून तर आलो. म्हातारा रोज संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून बसायचा. मरेपर्यंत. मी तीनदा आले होते गं ऑकलंडला. कारखान्याच्या फाटकावर उभी राहिले. त्याने मला पाहिलं आणि आत निघून गेला. जिवंतपणी आला नाही. आता तरी येऊ दे."

"आणि मी? मी कुठे जाऊ त्याला भेटायला?"

"ये की. तुझी जागाही ठेवू आम्ही त्याच्याजवळ."

"मला कोण ओळखतं तिथं?"

आत्याने माणसांना पेटीकडे खूण केली. वाईट नव्हती ती.

माणसांनी झाकण लावून पेटी उचलली. आईने एक कडी धरून ठेवली. कुणी तिला ओढलं नाही. ती धरून चालत राहिली. दारात पेटी वळवावी लागली. दार अरुंद. आईच्या ओढीने पेटी एका बाजूला कलली. आतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. बाबा पडतील म्हणून तिनेच हात सोडला.

आम्ही दोघी त्याच बसमधून गेलो. वाटेत त्यांनी गाणी म्हटली, थट्टामस्करी केली, आम्हाला सँडविचं दिली, माझ्या अंगावर ब्लँकेट टाकलं. आई खिडकीला कपाळ लावून बसली होती.

गाव लहान. खाडी, एक सभागृह, टेकडीवर थडगी. माझ्या वयाच्या एका मुलीने मला काहीतरी विचारलं. मी नुसतीच हसले. तिने मैत्रिणीला सांगितलं, "शहरातली आहे." तिला माझ्याच आजीचं नाव होतं. तिच्या चेहऱ्यात बाबांची भुवई होती. मी सारखी तिच्याकडे बघत होते.

बाबांना आजोबांच्या आणि बुडालेल्या काकांच्या मधोमध पुरलं. माती लोटायला सगळी पोरं धावली. फावडी कमी पडली. आईच्या हाती एक मूठ आली. दफनभूमीतून निघताना पाण्याने हात धुवायचे असतात, तेव्हा ती नळाशी बराच वेळ उभी राहिली. मागे रांग लागली.

"राहा इथंच," आत्या म्हणाली. "घर रिकामं आहे माझं. पोरीलाही ठेव."

"माझा मुलगा तुरुंगात आहे," आई म्हणाली. "रविवारी भेट असते."

रविवारी आम्ही गेलो. तुरोआ समोर बसला, पण आईकडे बघेना.

"दिलंस ना?" तो म्हणाला. "मी तिथं असतो तर दारातून बाहेर जाऊ दिलं नसतं त्यांना."

"तू होतास कुठे?" आई म्हणाली.

तिला तसं म्हणायचं नव्हतं. तोंडातून गेलं. तुरोआ उठून उभा राहिला आणि पहारेकऱ्याला म्हणाला, "झाली भेट." पुढच्या रविवारी तो बाहेर आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग त्याला दक्षिणेकडच्या तुरुंगात हलवलं, आणि तितक्या लांब जायला आमच्याकडे काही साधन नव्हतं. सुटल्यावर तो सिडनीला गेला असं कोणीतरी सांगितलं.

तांगीत आईचे कामाचे दिवस बुडाले होते. कामावर गेली तर तिच्या मजल्यावर दुसरी बाई झाडत होती. मी शाळा सोडली आणि कोंबड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. आई घरीच असायची. सुरुवातीला स्वयंपाक करायची, मग तोही कामावरून आल्यावर मीच. डॉक्टरने गोळ्या दिल्या. त्या ती घ्यायची, विचारलं तर म्हणायची, "बरं आहे."

वर्षाने थडग्यावर दगड बसवायचा असतो, कापड बाजूला करून सगळ्यांनी बघायचा असतो. आत्याने निरोप पाठवला, बस न्यायला येईल. आई म्हणाली, "तू जा." मी खूप सांगून पाहिलं. शेवटी एकटीच गेले. त्या वेळी मला तिथल्या चार गोष्टी कळू लागल्या होत्या, कोणाला काय म्हणायचं, कुठे बसायचं. आत्याने माझा हात सोडला नाही. मला तिथं बरं वाटलं, आणि त्याचीच परतताना वाटभर भीती वाटत होती.

घरी आले तर आई टीव्हीसमोर होती. मी दगड कसा आहे ते सांगितलं, कोण कोण आलं होतं ते सांगितलं, जेवण काय होतं ते सांगितलं. ती टीव्हीकडेच बघत होती.

"पाऊस होता का?" तिने विचारलं.

"होता."

"इथं नव्हता," ती म्हणाली, आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.