पावणेअकरा किलोंची सायकल

महाडच्या बाजारपेठेत अब्बासभाईंचं सायकलचं दुकान जोरात होतं, त्या काळातली ही गोष्ट. फार जुनी नव्हे, नव्व्याण्णव सालापासून पुढची दोनेक वर्षं. बिरवाडीत खोल्या घेऊन राहणारे कामगार तेव्हा अजून सायकलीवरून पाळीला जायचे आणि त्यांतल्या निम्म्या सायकली अब्बासभाईंच्या हाताखालून गेलेल्या असायच्या. एक डोळा बारीक करून, एकेक आरा पिळत ते वाकडं चाक असं सरळ करायचे की बघणाऱ्याला वाटावं, आत्ताच खोक्यातून काढलंय. ‘बसत नाय’ हे शब्द त्या दुकानात कुणी ऐकले नव्हते. कुठल्याही कंपनीचा कुठलाही भाग आणा. कानस मारून, पत्र्याची चकती घालून, वेळप्रसंगी चार शिव्या घालून अब्बासभाई तो बसवायचेच. याची त्यांना घमेंड होती, आणि खरं सांगायचं तर ती त्यांना शोभायची.

त्यांचा एकुलता एक मुलगा मुदस्सर मस्कतला गेला होता. तिथल्या एका सायकलच्या मोठ्या दुकानात तो गोदाम सांभाळायचा. शाळेत असताना हाच मुदस्सर बापाची बावीस किलोंची काळी सायकल घेऊन पोलादपूर गाठायचा आणि तिथून आंबेनळी घाटाला लागायचा. तिसऱ्या-चौथ्या वळणावर छाती भात्यासारखी व्हायची, मग सायकल हातात धरून परत. घाट काही चढून झाला नाही, आणि ती खुमखुमी त्याने बॅगेत भरून मस्कतला नेली.

तिथे त्याने डोंगरातल्या सायकली पाहिल्या. जाड टायरच्या, चोवीस गिअरच्या, आणि तरी दोन बोटांनी उचलाव्यात अशा. अख्खी सायकल परवडणारी नव्हती, पण खोकी फुटलेले सुटे भाग दुकानातल्या माणसांना स्वस्तात मिळायचे. त्याने घरी पत्र लिहिलं, “अब्बा, मी एकेक भाग पाठवतो, तुम्ही जोडा. वजन अकरा किलोंच्या आत राहिलं पाहिजे. दोन वर्षांनी, मे महिन्यात दोन महिन्यांच्या रजेवर येईन, तेव्हा घाट चढतो.”

आता मस्कतहून महाडला वस्तू कशी येते, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. कुणी रजेवर निघालं की त्याच्या खोलीवर दहा जण दहा पुडकी घेऊन हजर. त्याच्या बॅगेत त्याचे स्वतःचे दोन शर्ट आणि बाकी सगळं गावाचं. गावी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात घरोघर जाऊन ज्याचं त्याला द्यायचं. आणि नुसतं देऊन निघायचं नाही. बसायचं, चहा घ्यायचा, जेवायला थांबायचं, आणि त्या घरचा मुलगा तिकडे कसा आहे ते सांगायचं. फोन होता, नाही असं नाही. पण फोनवर तीन मिनिटांतली दोन ‘ऐकू येतंय का’मध्ये जायची. ज्या माणसाने आठ दिवसांपूर्वी आपल्या मुलाला डोळ्यांनी पाहिलंय, त्याची सर फोनला कुठून येणार?

पहिली आली फ्रेम. नात्याचा मुसैब ती ब्लँकेटात गुंडाळून घेऊन आला. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, हे काय, तर म्हणे, “सायकलीची हाडं हायत साहेब, मास मागनं येणार हाय.” अब्बासभाईंनी फ्रेम उचलली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“ही पोकळ हाय रे. यावर माणूस बसायचा की कोंबडी?”

“चाचा, त्याच्यावर तिकडं सव्वाशे किलोचा गोरा बसतो.”

तेवढ्यात अब्बासभाईंची बायको नूरजहाँ दुकानामागच्या घरातून चहा घेऊन बाहेर आली, आणि फ्रेमकडे ढुंकूनही न बघता तिने मुसैबला विचारलं, “माझा मुदस्सर बारीक झालाय का रे?”

मुसैब बोलत राहिला. मुदस्सर खोलीत सगळ्यांची डाळ करतो, मीठ जरा जास्त टाकतो. शुक्रवारी कपडे धुताना गातो. उजव्या पायाला जिन्यात लागलं होतं, आता बरं आहे. अब्बासभाईंनी स्वतः काही विचारलं नाही, ते एक चाक घेऊन बसले. पण तासाभरात त्या चाकाचा एक आराही हलला नाही, हे नूरजहाँने पाहिलं होतं.

मग दर महिना-दोन महिन्याला कुणी ना कुणी येत गेलं. पुढचं चाक धरणारा चिमटा आला, रिमा आल्या, गिअर आले. प्रत्येक भागाबरोबर इंग्रजी कागद यायचा, तो वाचायला समोरच्या बिऱ्हाडातले दत्तोपंत यायचे. दत्तोपंत हायस्कुलातून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. अकरा किलोंचा आकडा कळल्यापासून त्यांना दुसरा उद्योगच सुचेना. आलेला प्रत्येक भाग ते शेजारच्या वाण्याच्या काट्यावर तोलायचे आणि दुकानाच्या भिंतीवर खडूने ग्रॅम लिहायचे. वाणी वैतागला, पण मास्तरांनी त्याला सातवीत पास केलेलं होतं, बोलतो कुणाला?

नूरजहाँचं म्हणणं एकच, कॅरिअर नाही ती सायकल कसली? एक दिवस अब्बासभाईंनी तिचं मन राखायला कॅरिअर लावला, वर स्टँड, वर घंटी. मास्तरांनी बेरीज केली. “अब्बासभाई, तुम्ही दीड किलो वाढवलंत. याला मोटारच लावा आता.” संध्याकाळी सगळं उतरलं. नूरजहाँ म्हणाली, “लावा, नाय तर काढा. माझा पोरगा त्याच्यावर बसून येनार थोडाच हाय.” हसत म्हणाली, पण लगेच आत निघून गेली.

दोन हजार सालच्या गणपतीत शेवटचा भाग आला. पायडलांच्या मधोमध, फ्रेमच्या पोटात जो दांडा फिरतो त्याला सायकलवाले बी.बी. म्हणतात. दोन्ही बाजूंनी आटे पाडलेल्या वाट्या, म्हणजे कप, पिळून तो पक्का करायचा. तो बसला की सायकल पुरी. जवळच्या सव गावचा एक ड्रायव्हर तो घेऊन आला, दोन तास बसला, मुदस्सरने मिशी ठेवल्याचं सांगून गेला. अब्बासभाईंनी बी.बी. बसवला. लोण्यात सुरी जावी तसा गेला. चेन चढवली, पायडल फिरवलं, मागचं चाक आवाज न करता फिरत राहिलं. मास्तरांनी शेवटची बेरीज केली, पावणेअकरा किलो. दोघांनी पेढे खाल्ले.

आणि पेढा तोंडात असतानाच अब्बासभाईंच्या ध्यानात आलं, आता कोण कशाला येईल?

मे महिना आठ महिने लांब होता. त्यांनी तीन आठवडे वाट पाहिली. मस्कतहून दोघे जण महाडात येऊन गेल्याचं कानावर आलं, पण त्यांच्या बॅगेत या घरचं काही नव्हतं, मग ते कशाला येतील? शेवटी ते मास्तरांकडे गेले.

“मास्तर, पत्र लिवा. म्हणावं, बी.बी. बसत नाय. दुसरा पाठव.”

दत्तोपंतांनी चष्मा काढला. “अहो, बसलाय की! पेढे कशाचे खाल्ले आपण?”

“बसलाय ते मला ठाव हाय. तुमी लिवा.”

मास्तरांनी आयुष्यात खोटं गणित मांडलं नव्हतं. पण त्यांचा मुलगा गंधार अमेरिकेत होता, आणि त्याच्याकडून येणारं माणूस वर्षाकाठी एकसुद्धा नव्हतं. त्यांनी मुकाट्याने लिहिलं.

दीड महिन्यात दुसरा बी.बी. आला. आणणारा माणूस चांगला गप्पिष्ट निघाला, जेवून गेला. झालं, अब्बासभाई चटावले. त्यांनी पुन्हा पत्र धाडलं, हाही बसत नाय, उजव्या बाजूचा कप आट्यात फिरतच नाय. फ्रेमच्या पोटातलं कुणाला दिसतंय, असा त्यांचा हिशोब. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

या पत्राला उत्तर आलं नाही. जानेवारीतल्या एका सकाळी दुकान उघडून ते पाण्याचा हबका मारत होते, तर समोर मुदस्सर उभा. खांद्याला एक लहान बॅग, डोळे तारवटलेले. सलाम केला, आणि बॅग खाली ठेवायच्या आधी त्याने विचारलं, “अब्बा, उजवा कप कुठल्या बाजूला फिरवून बसवतात?”

अब्बासभाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “उलटा! डावीकडं! नऊ वर्साचा होतास तवा मीच शिकवलंय तुला, आनि आता मलाच इचारतोस?”

हे तोंडातून गेलं मात्र, आणि आपण सापडलो हे त्यांना कळलं.

मुदस्सर दुकानाच्या मागच्या खोलीत गेला. तिथे चादरीखाली सायकल उभी होती. त्याने चादर ओढली, पायडलाला बोट लावलं. चाक फिरलं आणि फिरतच राहिलं. तो तिथेच रिकाम्या खोक्यावर बसला.

“दुसरा बी.बी. मी तिकडं असल्याच फ्रेममधी बसवून बघितला होता, मगच पाठवला,” तो म्हणाला. “तुमी लिवलंत बसत नाय. मला वाटलं, तुमचं पन आजोबांसारखं व्हायला लागलं.” अब्बासभाईंचे वडील शेवटची चार वर्षं घरच्यांची नावं विसरले होते. “मी रात्री झोपलो नाय अब्बा. ज्याला हे कधी विसरता यायचं नाय, तो हे विसरला म्हनजे काय राह्यलं?”

अब्बासभाई दारात उभे होते. खोटं बोलायचं आता त्राण नव्हतं. “सायकल झाली म्हनून कळवलं असतं, तर मानसं यायची बंद झाली असती,” ते म्हणाले. “तू मिशी ठेवलीस ते मला कोन सांगनार होतं?”

मुदस्सरने मिशीवरून हात फिरवला आणि हसायला गेला, पण ते हसू काही धड आलं नाही. मग हळूहळू खरं बाहेर आलं. मालकाने रजा दिली होती ती नऊ दिवसांची, आणि मे महिन्यातली दोन महिन्यांची रजा त्यात कापून घेतली होती. आता पुढची रजा दीड वर्षाने.

नूरजहाँ हे ऐकत मागे उभी होती. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, “पोराचा मे महिना खाल्लात तुमी.” आणि त्या दिवसापासून तिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण शब्द नाही. अब्बासभाईंनी ती शिक्षा निमूट घेतली. चूक आपली, मग कुणाच्या नावाने बोटं मोडायची?

सहाव्या दिवशी बापलेक पोलादपूरला गेले. मुदस्सर सायकलीवर, अब्बासभाई एसटीने. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर ते बसले आणि मुलगा घाटाकडे वळला, तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. चार तासांत सहा चहा झाले. त्यांना एकेक वळण डोळ्यांपुढे दिसत होतं. आता तिथे असेल, आता दम लागला असेल, आता उतरला असेल. तो परत आला तेव्हा शर्टावर घामाचं मीठ पांढरं दिसत होतं.

“पाय टेकलास?” अब्बासभाईंनी विचारलं.

“एकदा पन नाय. पार माथ्यापर्यंत.”

अब्बासभाईंनी टपरीवाल्याला, त्याच्या गिऱ्हाइकांना, एका अनोळखी कंडक्टरलाही ते सांगितलं. सायकल कुणी जोडली हेही सांगितलं. इतका आनंद त्यांना बऱ्याच वर्षांत झाला नव्हता, आणि त्या आनंदात मे महिना काट्यासारखा सलत होता.

नववा दिवस उजाडला. मुंबईची गाडी दुपारची होती. नूरजहाँ बॅग भरत होती. चटण्या, सुके बोंबील, शिवाय शेजारपाजारच्यांनी आपापल्या मुलांसाठी आणून दिलेली पुडकी. अब्बासभाई खाटेवर बसून होते. माफी मागायची सवय त्या घरात कुठल्याच पुरुषाला नव्हती. मुदस्सर दुकानात गेला, खुडबुड केली, आणि हात काळे करून परत आला. हातात सायकलची चेन होती. ती त्याने वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बॅगेत कोंबली.

“अरे, कापडं खराब होतील!” नूरजहाँ ओरडली.

“ही चेन मला जरा जड वाटते,” मुदस्सर बापाकडे न बघता म्हणाला. “तिकडं हलकी मिळते का बघतो. मार्चमधी मुसैब येनार हाय, त्याच्याकडं पाठवतो.”

अब्बासभाईंना त्या चेनचं वजन ग्रॅमात पाठ होतं. त्याहून हलकी चेन मस्कतला मिळत नाही, हे पाठवतानाच मुदस्सरने पत्रात लिहिलं होतं. “बघ,” ते म्हणाले. “मुसैबला म्हनावं, जेवायलाच ये.”

नूरजहाँने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग बॅगेतले बोंबील तिने एका बाजूला सरकवले, आणखी थोडी जागा केली, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याला म्हणाली, “बसलाव काय नुसते? सीट पन काढून द्या त्याला. मला तर ती पन जडच वाटते.”

अब्बासभाई पाना आणायला उठले.