धोंडुबाईच्या विहिरीवरचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. पंधरा किलो गोडेतेल पोटात घेऊन मी कोल्हापूरच्या बाजारात आलो, तेव्हा नुसता लखलखत होतो. तेल संपलं आणि वाटलं, झालं, आता भंगारात जाणार. पण नदीकाठच्या मळ्यातल्या धोंडुबाईनं मला उचललं. माझं तोंड झाळून पक्कं बंद करून घेतलं, एक बारीक भोक ठेवून त्याला बूच मारलं. तेव्हापासून तिच्या विहिरीत पोहायला शिकणाऱ्यांच्या पाठीवर मी बसू लागलो. मी आतून रिकामा, पण माझ्या जिवावर माणसं तरंगायची! मला त्याची भारी घमेंड होती, खोटं कशाला बोलू?

अडुसष्टच्या उन्हाळ्यात प्रमोदिनीबाई आल्या. नदीपलीकडच्या शाळेत त्यांची नेमणूक झाली होती. नवरा वारलेला, घरात सासू आणि दोन मुली. घर या नोकरीवरच चालायचं. पण पावसाळ्यात शाळेला नावेतून जावं लागे, आणि बाईंना पाण्याची एवढी भीती, की त्या विहिरीच्या पायरीवरूनच मागं फिरत होत्या. त्यांनी राजीनामा लिहून ठेवला होता.

"चुलीत घाला त्यो राजीनामा," धोंडुबाई ओरडली. "पदर खोचा आन उतरा!"

धोंडुबाईची एक रीत होती. शिकणाऱ्याला ती पाण्यातल्या पायरीवर बसवून मला पाठीला बांधायची, आणि गुपचूप बूच काढून रोज एक तांब्या पाणी माझ्या पोटात ओतायची. म्हणजे माझा आधार रोज थोडा कमी व्हायचा, आणि शिकणाऱ्याला पत्ताही नसायचा. बाई मात्र रोज म्हणायच्या, "हा डबा आहे म्हणून मी आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सोळाव्या दिवशी त्या विहिरीच्या मधोमध थांबल्या. "धोंडुबाई, आज डबा मागं का ओढतोय?"

"भरलाय की पाण्यानं! चार दिस झालं, तुमीच त्याला वडत न्हेतायसा."

बाई घाबरल्या. एक गटांगळी, दुसरी गटांगळी. मी काय करणार? मीच त्यांना खाली ओढत होतो. धोंडुबाई पदर खोचून उडी घ्यायच्या तयारीत उभी राहिली. आणि मित्रांनो, तेव्हा मी जे पाहिलं, ते आठवलं की आजही माझ्या पत्र्यावर काटा येतो! बाईंनी डोकं वर काढलं, दात आवळले आणि एकेक हात मारत, मला पाठीवर घेऊन कड गाठली. पायरी धरून त्या ढसाढसा रडल्या. केवढं बळ होतं त्या किडकिडीत देहात! ते माझं कधीच नव्हतं.

आषाढात नदी भरली. त्या संध्याकाळी बाई शाळेतून थेट मळ्यात आल्या. बोटांना अजून खडू लागलेला होता.

"गेलासा न्हवं नावंतनं?" धोंडुबाईनं विचारलं.

"गेले."

"भ्या न्हाय वाटलं?"

"वाटलं की! थरथर कापत बसले होते. पण गेले."

आता माझ्या बुडाला भोकं पडली आहेत, आणि मी विहिरीच्या काठावर उन्हापावसात पडून असतो. मित्रांनो, जमलं तर मला जरा आडोशाला ठेवा. आणि कुणी भीत भीत पाण्यात उतरताना दिसलं, तर त्याला हसू नका. अशांच्या पाठीवर मी जन्म काढलाय. ती माणसं केवढं ओढत असतात, ते मला ठाऊक आहे.